भाज्याच्या डोंगराखाली आमच्या मुलींचे शिबिर

मे महिना लागला, शाळेला सुट्टी पडली की आमच्या वस्तीतल्या मुलांची मजा असते. सकाळी क्रिकेट, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा क्रिकेट. थोड्या मोठ्या मुलांसाठी कुठे ना कुठे श्रामणेर शिबिर लागते. दहा दिवस चीवर धारण करून मुलगा घरी आला की आई-वडील कौतुकाने त्याचे स्वागत करतात. फार चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच वस्तीतल्या मुलींची सुट्टी कशी जाते, हे आपण कधी पाहिले आहे काय?

शाळा असते तेव्हा मुलीला निदान पाच-सहा तास बाकावर बसायला मिळते. सुट्टी लागली की तेही संपते. नळाला पाणी आले की हंडे भरायचे, धाकट्या भावंडांना न्हाऊ-माखू घालायचे, आई कामावरून येईपर्यंत भात टाकून ठेवायचा. सुट्टी कशी गेली असे विचारले तर मुलगी सांगते, "घरीच होते." या "घरीच होते"मध्ये किती काम दडलेले असते, ते मोजायला कुणी बसत नाही.

यंदा एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम आटोपला आणि विहारातल्या आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत हाच विषय निघाला. मुलींसाठी सात दिवसांचे शिबिर घ्यायचे, तेही वस्तीबाहेर, असे ठरले. जागा ठरली भाजे. पुण्याहून लोणावळा लोकलने जायचे, मळवलीला उतरायचे. लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या गावाजवळ एक शिबिरस्थळ मिळाले. दोन मोठ्या खोल्या, पुढे मांडव घालायला जागा, मागे विहीर.

आम्ही पाच जणी पुढे झालो. दोघी अंगणवाडी सेविका, एक सरकारी दवाखान्यातली परिचारिका, एक शिवणकाम करणारी आणि महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई. पाचवी ते दहावीच्या मुली न्यायच्या होत्या.

दारोदारचे प्रश्न

खरे काम पुढेच होते. आम्ही दारोदार फिरलो. जयभीम घालून सगळ्यांनी आत बसवले, चहा दिला. पण शिबिराचा विषय निघाला की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागत.

"ताई, पोरीची जात. सात दिवस बाहेर कसं ठेवायचं?"

"तिथं झोपायची काय सोय? गडी माणसं असतील का?"

"पाठवली असती हो, पण मी चार घरची धुणी-भांडी करते. ही गेली तर पाणी कोण भरंल?"

हे प्रश्न काही अडाणीपणाचे नव्हते. मुलीची काळजी आणि घरची अडचण, दोन्ही खऱ्या. म्हणून आम्ही प्रत्येकाचे उत्तर दिले. मुक्कामाला फक्त बाया राहतील, रात्री दोघी जणी आळीपाळीने जाग्या राहतील, परिचारिका बरोबर आहे, पालकांची सही घेतल्याशिवाय एकही मुलगी नेणार नाही. मुलींचे मोबाईल नेणार नाही, पण आमच्या मोबाईलवर रोज संध्याकाळी घरी बोलता येईल. खर्चासाठी ज्याच्याकडून जे होईल ते घ्यायचे. कुणी पैसे दिले, कुणी दोन किलो तांदूळ, कुणी डाळ, एका भाजीवाल्या मावशींनी कांद्याचे अर्धे पोते दिले.

एका घरी मात्र आमचे काही चालेना. मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. निकाल लागायचा होता. वडील बिगारी काम करतात, आई कचरा वेचते. घरात आजी आणि तीन भावंडे. वडील म्हणाले, "आता शिबिर कशाला? गावाकडून एक स्थळ आलंय. पोरगा कामाला आहे. अठरा पूर्ण झाली की उरकून टाकू. तोवर घरचं काम शिकू द्या."

मुलगी मोरीजवळ भांडी घाशीत होती. तिने वर पाहिले नाही. आम्ही उठायला लागलो तेव्हा कोपऱ्यातून आजी म्हणाली, "घरचं काम ती सात वर्षांची असल्यापास्नं शिकलीया. आता अजून काय शिकवतोस तिला? सात दिवस मी पाणी भरीन. जाऊ दे तिला."

आजीला गुडघ्याचे दुखणे आहे, हे आम्हांला माहीत होते. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सहीचा कागद आजीनेच विहारात आणून दिला.

देहूरोडला उतरलो

अशा एक्केचाळीस मुली झाल्या. सकाळच्या लोकलने निघालो. काहींनी आगगाडी फक्त फाटकाजवळून पाहिली होती. खिडकीसाठी भांडणे झाली, मग बाईंनी नियम केला की दर स्थानकाला खिडकी बदलायची. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी नावे मुली मोठ्याने वाचत होत्या.

वाटेत देहूरोडला मुद्दाम उतरलो. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी येथे स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपल्या कष्टकरी लोकांच्या वस्तीत झालेली ही स्थापना आहे. मुलींनी रांगेने आत जाऊन त्रिशरण-पंचशील घेतले. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "बाबासाहेब इथंच उभे होते का?" बाई म्हणाल्या, "हो, इथंच." ती मुलगी जागेवरून दोन पावले मागे सरकली आणि हात जोडून खाली पाहत राहिली. आम्हांला काही समजावून सांगावे लागले नाही.

पुढची लोकल पकडून तळेगाव, कामशेत करीत मळवलीला उतरलो. स्थानकातून बाहेर पडले की समोर दोन डोंगर दिसतात, लोहगड आणि विसापूर. विसापूरच्या अंगालाच भाज्याची लेणी आहेत. द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडताना मुली कठड्याला टेकून खालून जाणाऱ्या मोटारी पाहू लागल्या. उन्हाचा तडाखा होता. पावसाळ्यात या डोंगरावरून धबधबे कोसळतात, पण वैशाखात सगळे पिवळे आणि रखरखीत. डोक्यावर ओढण्या घेऊन, पिशव्या हातात घेऊन आमची पलटण गावात पोचली.

हापशावरची रांग

शिबिराची दिनचर्या सोपी ठेवली होती. पहाटे पाचला उठणे, वंदना, थोडा वेळ शांत बसून श्वासाकडे लक्ष देणे, मग श्रमदान आणि नाश्ता. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास शिकणे. संध्याकाळी खो-खो आणि लेझीम. रात्री जेवणानंतर गोल करून बसायचे आणि प्रत्येकीने दिवसातली एक गोष्ट उभे राहून सांगायची.

पहिल्या रात्री ही गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा फजिती झाली. एकेक मुलगी उठे, "माझं नाव..." म्हणे आणि तोंडावर ओढणी धरून खाली बसे. दहावीची ती मुलगी तर उठलीच नाही. आम्हांला वाटले, सात दिवसांत काय होणार?

दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटर बंद पडली. वायरमन म्हणाला, सामान लोणावळ्याहून आणावे लागेल, दोन दिवस जातील. एक्केचाळीस मुली, आम्ही पाच जणी, आणि पाणी नाही. आमची पळापळ सुरू झाली. गावात हापसा होता. आम्ही मुलींना बादल्या देऊन तिकडे पाठवले. दहा मिनिटांत भांडण. गावातल्या बायका तासभर रांगेत उभ्या होत्या आणि आमच्या मुली घोळक्याने पुढे घुसल्या. एक म्हातारी रागाने म्हणाली, "शहरातनं येता आन् आमचं पाणी पळवता व्हय?"

आम्ही मोठ्या बाया काय बोलावे या विचारात होतो. तेवढ्यात ती दहावीची मुलगी पुढे झाली. म्हणाली, "आजी, चुकलं आमचं. आधी तुमचं सगळ्यांचं भरू द्या. हापसा आम्ही मारतो, तुम्ही नुसते हंडे लावा." आणि खरोखरच ती आणि तिच्याबरोबरच्या चार मुली आळीपाळीने हापसा मारू लागल्या. गावाचे पाणी भरून झाल्यावर आमचे सुरू झाले. परत आल्यावर तिने आम्हांलाच सांगितले, "बाई, असं नाही चालणार. दहा-दहाच्या चार टोळ्या करू. पहाटे रांग लागायच्या आधी दोन टोळ्या, रात्री दोन. आंघोळीला एकीला एक बादली. भांडी धुतलेलं पाणी झाडांना." टोळीची नावे तिनेच एका कागदावर लिहिली आणि कागद भिंतीला चिकटवला. एक मुलगी जास्तीची राहिली होती, ती स्वतः. ती चारही टोळ्यांबरोबर होती.

दोन दिवस पाण्यावाचून एकही काम अडले नाही. तिसऱ्या दिवशी गावातली तीच म्हातारी पाटीभर करवंदे घेऊन आली.

त्या रात्री बाईंनी मुलींना महाडची गोष्ट सांगितली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे आपली माणसे चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच बाबासाहेब आपल्या आया-आज्यांशी वेगळे बोलले, स्वच्छ राहा, नीट वस्त्र नेसा, मुलींना शिकवा असे त्यांना सांगितले. मग बाई म्हणाल्या, "पाणी मिळवणं हे जसं मोठं काम, तसं ते सगळ्यांना पुरवून देणं हेही मोठं काम. आज ते कुणी केलं?" चाळीस मुलींनी एकदम त्या मुलीचे नाव घेतले. ती उभी राहिली. दोनच वाक्ये बोलली, "मी घरी रोज हेच करते. पण हे काम आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं."

आम्ही पाचही जणी गप्प झालो. मुलींना काहीतरी शिकवायचे म्हणून आम्ही निघालो होतो, आणि पहिला धडा आम्हांलाच मिळाला होता.

लेण्यातले नाव

चौथ्या दिवशी सकाळी उन्हे चढायच्या आत आम्ही लेण्यांकडे निघालो. पायऱ्या चढून वर गेले की एकदम मोठे चैत्यगृह समोर येते. पुढची बाजू उघडी, आत घोड्याच्या नालाच्या आकाराची उंच कमान, दोन्ही बाजूंना आत झुकलेले अष्टकोनी खांब आणि शेवटी साधा, गुळगुळीत स्तूप. छताला लाकडाच्या कमानी आहेत. सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासचे हे काम आहे. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा होता.

"मूर्ती कुठं आहे?" एका मुलीने विचारले. त्या सुरुवातीच्या काळी भगवंताची मूर्ती घडवीत नसत, स्तूपापुढेच वंदना होई, हे बाईंनी सांगितले. मुलींनी वंदना म्हटली. आवाज दगडातून फिरून परत येई तेव्हा लहान मुली चकित होऊन वर पाहत होत्या.

मग बावीसही लेणी फिरलो. एका ठिकाणी लहान-मोठे स्तूप एकत्र आहेत. मुलींनी मोजले, चौदा भरले. पाच छताखाली आणि नऊ बाहेर. येथे होऊन गेलेल्या थेरांचे हे स्मारक-स्तूप, काहींवर त्यांची नावेही आहेत. पाण्याचे एक टाके महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे आईच्या नावाने ओळख सांगणारा तो सरदार. हे ऐकून मुलींमध्ये कुजबुज झाली. आम्ही सांगितले, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. आपल्या डोंगरात ती रीत केव्हाची कोरलेली आहे!

पण मुलींचे पाय खरे थबकले ते सहाव्या लेण्यात. हे लेणे काही देखणे नाही. वेडावाकडा चौक आणि भोवती भिक्खूंना राहायच्या लहान खोल्या. तिथल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. त्याचा अर्थ असा, की बाधा नावाच्या हालिकाच्या बायकोचे हे दान. काही जण ते नाव बोधी असेही सांगतात. हालिक म्हणजे नांगर धरणारा, शेतात राबणारा माणूस.

"म्हणजे शेतावर काम करणाऱ्याची बायको?" सातवीतली एक मुलगी म्हणाली. "तिच्याकडं एवढे पैसे कुठून आले?"

आम्ही म्हणालो, ते लेखात लिहिलेले नाही. तिने साठवले असतील, दाणे बाजूला काढून ठेवले असतील. लेखात एवढेच आहे की दान तिचे आहे.

दुसरी मुलगी जरा तोऱ्यात म्हणाली, "तरी ओळख नवऱ्याचीच दिलीय की!"

यावर आम्ही काही बोलणार तोच दहावीची मुलगी म्हणाली, "पण नाव आधी तिचं आहे. नवऱ्याचं तर नावच नाही, नुसतं काम आहे."

सगळ्या हसल्या. मग पुन्हा त्या पुसट अक्षरांकडे बघू लागल्या. राजे गेले, सरदार गेले, आणि नांगरणी करणाऱ्याच्या बायकोचे नाव दोन हजार वर्षांहून जास्त काळ त्या दारावर आहे. तिने काम केले आणि त्या कामावर तिचे नाव लागले. एवढीच गोष्ट, पण आमच्या मुलींना ती सांगावी लागली नाही, दिसली.

परतताना एक गोष्ट मनाला लागली. पर्यटकांनी लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने, दगडाने आपापली नावे ओरबाडली आहेत. आमच्यातल्याही दोघी-तिघींचा हात खड्याकडे गेला होता. आम्ही रागावलो नाही. म्हटले, बाधाने आधी दान दिले, नाव नंतर आले. नुसते नाव खरडले तर तो वारशाचा अपमान होतो. मुक्कामी आल्यावर प्रत्येकीला एक वही दिली. पहिल्या पानावर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव लिहायला सांगितले आणि खाली, आपण रोज कोणकोणती कामे करतो त्यांची यादी. पाचवीतल्या मुलीच्या यादीत अकरा कामे निघाली.

कार्ल्याच्या वाटेवर

पाचव्या दिवशी इंद्रायणी ओलांडून पलीकडच्या डोंगरावरच्या कार्ल्याला गेलो. तेथे एकवीरेच्या देवळाला भाविकांची मोठी गर्दी असते. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही चैत्यगृहात शिरलो. सुमारे १२४ फूट लांब आणि ४६ फूट उंच असे ते दालन पाहून मुलींच्या तोंडून शब्द फुटेना. हे एका राजाने बांधले नाही. खांबाखांबावर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. धेनुकाकट गावचे लोक आहेत, यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, सुतार आहे आणि भिक्खुणीही आहेत. वर्गणी काढून उभे राहिलेले हे काम. आमच्या शिबिराच्या तांदळा-कांद्याची आठवण होऊन भाजीवाल्या मावशींची मुलगी म्हणाली, "मग माझ्या आईचं नाव पण कुठंतरी लिहा." त्याच संध्याकाळी मांडवाच्या फळ्यावर सगळ्या दात्यांची नावे लिहिली. पहिले नाव तिच्या आईचे.

रात्री चांदणे वाढत चालले होते. वैशाख पौर्णिमा जवळ आली होती. लहान मुलींना घरची आठवण येऊन रडू फुटे, तेव्हा मोठ्या मुली त्यांना जवळ घेऊन निजवीत. एका रात्री बाईंनी थेरीगाथेतल्या पुण्णेची गोष्ट सांगितली. ती दासीची मुलगी, अनाथपिंडिकाच्या घरी पाणी वाहणारी. कडाक्याच्या थंडीत नदीवर पाण्याला जायची. तेथे पाप धुण्यासाठी बुडी मारणारा एक ब्राह्मण तिला भेटला. तिने त्याला साधा प्रश्न केला, पाण्याने पाप धुतले जात असेल तर मासे आणि बेडूक आधी स्वर्गाला गेले असते की! तो निरुत्तर झाला. "पाणी भरणारी होती, पण बोलली," असे दुसऱ्या दिवशी दोन-तीन मुलींनी वहीत लिहून ठेवलेले आम्ही पाहिले.

जे शाळेत कुणी सांगत नाही

दुपारच्या वेळी आमच्या परिचारिका ताई मुलींशी बोलत. पाळी का येते, त्या दिवसांत काय काळजी घ्यावी, रक्त कमी झाले तर कसे ओळखावे, काय खावे, हे त्यांनी चित्रे काढून सांगितले. पहिल्या दिवशी माना खाली, तिसऱ्या दिवशी प्रश्नांची रांग. एकीला वाटत होते की तिला काही मोठा आजार झाला आहे. वर्षभर ती तो आजार मनात घेऊन हिंडत होती. आईला सांगायची लाज वाटत होती. मातांनो, आपल्या मुलीला आपल्याशी बोलता यावे, एवढी जागा घरात ठेवा.

नकोसा हात अंगाला लागला तर मोठ्याने ओरडायचे, घरी सांगायचे आणि १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करायचा, हे मुलींकडून पाठ करून घेतले. बँकेत खाते कसे उघडतात, स्लिप कशी भरतात, तेही प्रत्येकीने लिहून पाहिले. दहावीनंतर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते, शासनाची मुलींसाठी वसतिगृहे असतात, त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा लागतो, हे सांगितले तेव्हा दहावीच्या मुलीने सगळे टिपून घेतले आणि रात्री हळूच येऊन विचारले, "दाखला काढायला वडिलांची सही लागेल ना?"

आम्ही म्हणालो, "कागदपत्रं तर त्यांचीच लागतील. त्यांच्याशी बोलावं लागेल. आम्ही बोलू का?"

ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "नको. मीच बोलते."

शेवटचा दिवस

सातव्या दिवशी पालकांना बोलावले होते. सकाळच्या लोकलने पंचवीस-तीस जण आले. कुणी एका दिवसाची हजेरी बुडवून आलेले. मुलींनी स्वागत केले, लेझीम करून दाखवली, मग एकेक जण बोलायला उभी राहिली. सात दिवसांपूर्वी स्वतःचे नाव सांगताना ओढणीआड तोंड लपवणाऱ्या या मुली. सगळ्यांनाच धीर आला असे नाही. तिघी-चौघी बोलता बोलता अडल्या, एक रडली. पण खाली कुणी बसली नाही. अडलेली मुलगी थांबे, श्वास घेई आणि पुन्हा सुरू करी.

दहावीच्या मुलीचे वडील आजीला घेऊन आले होते. ते मांडवाच्या कडेला उभेच राहिले. मुलगी उठली. तिने आधी हापशाची गोष्ट सांगितली, मग बाधाची. नंतर म्हणाली, "२० जुलै १९४२ ला नागपूरला आपल्या बायकांची मोठी परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं होतं, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, त्यांना शिकवा. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. पप्पा रोज कामावर जाताना त्याला हात जोडतात. मला अकरावीला जायचं आहे. पाणी मी भरीन, स्वयंपाकही करीन. पण मला शाळा पाहिजे."

मांडवात शांतता झाली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. आजीने मात्र डोळ्याला पदर लावला.

वडील पुढे आले नाहीत, भाषणही केले नाही. निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मुलीची पिशवी तिच्या हातातून घेतली आणि खांद्यावर टाकली. मळवलीपर्यंतच्या वाटेवर बापलेक पुढे चालत होते, आम्ही मागे. ते काय बोलले, आम्हांला ऐकू आले नाही. लोकलमध्ये चढताना ते आमच्याजवळ येऊन एवढेच म्हणाले, "ताई, तो उत्पन्नाचा दाखला कुठं मिळतो?"

दुसऱ्या दिवशी विहारात बुद्धपौर्णिमा होती. वंदना सांगायला नेहमी मोठी माणसे पुढे असतात. त्या संध्याकाळी दोन मुली पुढे बसल्या आणि त्यांनी सगळ्यांना त्रिशरण-पंचशील दिले.

ती मुलगी आता अकरावीला आहे. स्थळाचे बोलणे तूर्त थांबले आहे, कायमचे मोडले असे आम्ही म्हणणार नाही. घरची ओढाताण तशीच आहे. पण पाण्याचा एक हंडा आता तिचा धाकटा भाऊही आणतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

माता-पित्यांनो, सात दिवसांच्या शिबिराने मुलीचे सगळे आयुष्य बदलते, असा आमचा दावा नाही. आमच्या मुलींच्या अंगी धीर, हुशारी, चार माणसांना सांभाळून घेण्याची रीत आधीपासून असते. घरात ती कामात मुरून जाते आणि तिला नाव राहत नाही. घराबाहेर, समवयस्क मुलींमध्ये, जरा मोकळ्या हवेत ती दिसू लागते. आपल्यालाही आणि त्या मुलीला स्वतःलाही. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतले महिला मंडळ अशा शिबिरासाठी दारात आले, तर पहिला प्रश्न "पाणी कोण भरील?" हा जरूर विचारा. पण त्याचे उत्तरही आपणच काढा. आमच्या वस्तीत ते एका गुडघे दुखणाऱ्या आजीने काढले.

जयभीम! नमो बुद्धाय!